नेल सलॉनसाठी पेडिक्युअरचं सामान घेताय? या चुका टाळा

नवीन नेल सलॉन काढणाऱ्या मुलींचे फोन मला वर्षभर येतात. दसरा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की जरा जास्तच. नाशिकच्या कॉलेज रोडला गाळा ठरलेला असतो, इंटिरियरवाला ठरलेला असतो, रिबीन कोण कापणार तेही ठरलेलं असतं. आणि पहिला प्रश्नसुद्धा ठरलेलाच: "ताई, खुर्ची कुठली घेऊ?"

पाय धुतलेलं पाणी कुठून जाणार, हत्यारं कशात निर्जंतुक होणार, शनिवारी हत्यारांचे किती जोड लागणार, हे विचारणारी क्वचितच भेटते. मग सहा महिन्यांनी दुसरा फोन येतो. वास येतोय, निपर (नखाकडेची कातडी कापायचं हत्यार) गंजलेत, एका क्लायंटच्या अंगठ्यात पू झालाय. तोवर पैसे संपलेले असतात आणि ते सगळे चुकीच्या ठिकाणी गेलेले असतात.

माझा नियम एकच आहे. जी वस्तू पूर्ण उघडता येत नाही, आतून घासता येत नाही आणि घासल्यावर डोळ्यांनी बघता येत नाही, ती पायांच्या कामाला घ्यायची नाही. रंग, एलईडी, मसाजचे सतरा मोड हे सगळं त्यानंतर.

जेटची खुर्ची: सगळ्यात महाग चूक

पायाशी जेटचा टब असलेली पेडिक्युअरची खुर्ची सगळ्यांना हवी असते. आधी ती चालते कशी ते समजून घ्या, कारण विकणारा ते सांगत नाही. टबच्या बाजूला एक जाळी असते. तिच्यामागचा पंप टबातलंच पाणी ओढतो, आतल्या पाइपांतून फिरवतो आणि जेटमधून परत टबात सोडतो. म्हणजे पायाची सुटलेली कातडी, स्क्रबचं तेल, केस, क्रीम हे सगळं त्या पाइपांतून फिरतं. बूच काढलं की टब रिकामा होतो, पाइप होत नाही. थोडं कोमट पाणी आत राहतंच. त्यात रात्रभरात जंतूंचा चिकट थर धरतो, आणि सकाळी पहिल्या क्लायंटच्या पायावर तेच पाणी उडतं.

ही मनातली भीती नाही. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल गावात एकाच नेल सलॉनच्या शंभराहून अधिक क्लायंटना पायावर गळवं आली. शोध घेतला तेव्हा मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू सापडला. तो नळाच्या पाण्यात असू शकतो आणि एरवी फार त्रास देत नाही. फुटस्पाच्या, म्हणजे अशाच जेटच्या टबांच्या, जाळ्यांमागे केस आणि कातडीचा कचरा साचला होता, त्यावर तो पोसला गेला. कित्येक बायकांना महिनोन्‌महिने त्रास झाला, डाग राहिले ते वेगळे. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: ज्यांनी पेडिक्युअरच्या आधी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. पुढे त्याच राज्यात इतर सलॉनमधले फुटस्पा तपासले, तर ३० पैकी २९ मध्ये या कुळातले जंतू मिळाले. म्हणजे एका सलॉनच्या गलथानपणावर खापर फोडून सुटका नाही. दोष त्या रचनेत आहे.

आता नाशिकचं ऐका. गंगापूर रोडवरच्या एका सलॉनमध्ये मला बोलावलं ते वास येतो म्हणून. रूम फ्रेशनर झाला होता, धूप झाला होता, कापूर झाला होता. ड्रेनेजवाला दोनदा येऊन पैसे घेऊन गेला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "आम्ही प्रत्येक क्लायंटनंतर टब पुसतो हो." खरंच पुसत होत्या. टब इतका चकचकीत की त्यात तोंड बघावं. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ती जाळी निघते हेच त्यांना माहीत नव्हतं. डीलरला फोन लावला तर पलीकडून उत्तर, "मॅडम, ती काढायची नसते, वॉरंटी जाते."

आम्ही ती काढली. मागे काळपट राखाडी लगदा होता. त्यात केस, नखांचे तुकडे, नेल आर्टची चमकी आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा चोथा. पेडिक्युअर करणारी मुलगी तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली ती थेट जिन्यात. मग रिसेप्शनवालीला आठवलं की दोन-तीन क्लायंटनी नडग्यांवर फोड आल्याची तक्रार केली होती. त्यांना सांगितलं काय? "आंब्याचे दिवस आहेत, उष्णतेनं येतात." ते फोड त्या जाळीमुळेच आले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तपासणी कुणी केलीच नाही. पण आंब्याला बदनाम करण्याआधी जाळी बघायला हवी होती.

त्या खुर्च्यांचे पंप आता बंद करून टाकलेत. लाखांच्या खुर्च्या साध्या टबासारख्या वापरतात. ज्या मऊ गादीसाठी आणि बुडबुड्यांसाठी पैसे मोजले, त्यातली गादी तेवढी उरली.

मग काय घ्यायचं? मी साधा, एकसंध, आतून गुळगुळीत टब घेते. स्टीलचा किंवा ॲक्रिलिकचा. कोपरे गोल हवेत, तळाशी नक्षी नको. त्याला हँडशॉवर आणि नीट उताराचं ड्रेन. क्लायंटला बुडबुडे हवेतच असतील तर पाइप नसलेला, चुंबकावर फिरणारा जेट मिळतो. त्याचा पंखा हातानं ओढून निघतो आणि सिंकखाली धुता येतो. दुकानात विकणाऱ्याला तो तुमच्यासमोर काढून परत बसवायला सांगा. त्यालाच पाच मिनिटं लागली तर तुमची मुलगी गर्दीच्या दिवशी ते कधीच करणार नाही, हे धरून चाला. वर एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक लायनर घालता आलं तर उत्तम. पण पाइपवाल्या जेटवर लायनर घालून समाधान मानू नका. आतली घाण आतच राहते.

आणि पाइपवाली खुर्ची आधीच घेऊन बसला असाल तर? प्रत्येक क्लायंटनंतर पाणी काढा, साबणानं घासा, साबण पूर्ण धुवा, टब परत भरून जंतुनाशक घाला आणि पंप चालू ठेवून ते १० मिनिटं फिरवा. रोज रात्री जाळी काढून घासा, मागचा कचरा काढा. दर पंधरवड्याला एकदा जंतुनाशकाचं पाणी रात्रभर टबात ठेवा आणि सकाळी धुऊन काढा. हे सगळं एका वहीत वेळेसकट लिहा. वाचूनच दमलात ना? मग साधा टब का म्हणते ते कळेल.

साध्या टबातही लोक घोळ घालतातच. ऑनलाइन मिळणारी घरगुती फूट मसाजची मशीन, तळाला रोलर असलेली, सलॉनला आणू नका. रोलरच्या आसाभोवती घाण अडकते आणि तिथे ब्रश जात नाही. टबात पांढरे गोटे टाकायची फॅशन आहे, तेही नको. प्रत्येक गोटा प्रत्येक क्लायंटनंतर कोण घासणार? पाकळ्या घालायच्या तर ताज्या घाला आणि पाण्याबरोबर ओतून द्या, गाळून परत वापरू नका. (हसू नका, मी पाहिलंय.)

हल्ली भांडी बाजारातून तांब्याची घंगाळं आणून "पारंपरिक पेडिक्युअर" करणाऱ्या काही जणी भेटतात. दिसायला सुंदर, मलाही आवडतं. पण "तांब्यात जंतू आपोआप मरतात" हे ऐकलं की माझं डोकं उठतं. तांब्याचा गुण खरा आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि मळाचा-तेलाचा थर बसला की तो गुण त्या थराखालीच राहतो. दोन क्लायंटमधल्या दहा मिनिटांत घंगाळ तुमच्यासाठी काही करत नाही. घंगाळ वापरायचं तर आत लायनर घाला आणि ब्लीच लावू नका, तांबं खराब होतं.

निळा दिवा लागला की झालं?

दुसरी चूक स्वस्त आहे, म्हणून घरोघरी आहे. यूव्ही कॅबिनेट. काचेचं दार, आत निळा उजेड, बाहेर मोठ्या अक्षरांत "स्टरलायझर". क्लायंटवर छाप पडते, मुलींना सोपं पडतं, मालकीण खूश.

जंतू मारणारे अतिनील किरण सरळ रेषेत जातात आणि फक्त वरच्या पृष्ठभागावर काम करतात. निपरचा सांधा, क्लिपरच्या दोन पात्यांमधली फट, पुशरची (क्यूटिकल मागे ढकलायच्या हत्याराची) खालची बाजू, एकावर एक टाकलेली हत्यारं, या सगळ्या ठिकाणी सावली असते, आणि सावलीत काही मरत नाही. हत्यार ओलं असेल, त्याला कातडी चिकटलेली असेल तर अजूनच वाईट. त्यात नळी जुनी झाली की उजेड दिसतो पण ताकद गेलेली असते. आणि स्वस्त डब्यांत कित्येकदा नुसता निळा एलईडी असतो. डोळ्यांना दिसणारा निळा रंग म्हणजे जंतुनाशक किरण नव्हेत.

इंदिरानगरमधल्या एका नव्या सलॉनमध्ये मी कॅबिनेटचं दार उघडलं तर आत हत्यारांचा ढीग. त्या ढिगाखाली मोबाइलचा चार्जर आणि अर्धा बिस्किटांचा पुडा. मी काही बोलायच्या आत मालकीण म्हणाली, "ताई, दार बंद केल्यावर सगळं निर्जंतुक होतं ना, म्हणून बिस्किटं पण त्यातच ठेवतो." आता या मुलीला काय बोलणार? तिनं फसवलं नव्हतं, खोक्यावरचा मजकूर वाचून तिचा विश्वास बसला होता. मी त्या ढिगातला एक क्लिपर घेतला, पाती उघडली आणि टिश्यूवर आपटला. पांढरा भुगा पडला. बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत.

यूव्ही कॅबिनेट घ्यायला माझी हरकत नाही. निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायचं स्वच्छ कपाट म्हणून घ्या. त्याच कामाला झाकणाचा स्टीलचा डबाही चालतो, तो बराच स्वस्त पडतो आणि त्याला वीज लागत नाही.

क्वार्ट्झच्या बारीक मण्यांचा तो गोल डबा मिळतो ना, ज्यात हत्यार खुपसायचं? टोक तापतं, मूठ तशीच राहते. मण्यांमध्ये उष्णता सगळीकडे सारखी नसते. पैसे वाचवा.

खरं काम ऑटोक्लेव्ह करतो. दाबाखालची वाफ. दाताच्या डॉक्टरकडे असतो तोच. डेंटल सामानाच्या दुकानात चौकशी करा, ब्युटी सामानाच्या दुकानात नको. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाउचमध्ये (एका बाजूनं कागद, दुसऱ्या बाजूनं प्लॅस्टिक असलेल्या पाकिटात) बंद केलेल्या हत्यारांना १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं लागतात. आधी हवा ओढून काढणारा, क्लास बी म्हणतात तो, १३४ अंशाला ३-४ मिनिटांत करतो, पण महाग. हे आकडे फक्त त्या तापमानाला थांबायचे आहेत. तापणं, सुकणं, निवणं धरून एक फेरी साधारण तासाची समजा. नुसत्या पेडिक्युअरच्या सलॉनला सुकवणारी सोय असलेला साधा ऑटोक्लेव्ह पुरतो, असं माझं मत आहे. सुकवणारी सोय मात्र हवीच. ओल्या पाउचच्या कागदातून जंतू आत जातात आणि हत्यारं गंजतात.

"कुकर चालेल का?" हा प्रश्न दर वेळी येतो. तत्त्व तेच आहे, कुकरमध्येही साधारण तेवढंच तापमान होतं. पण त्याला तापमानाचा काटा नाही, वेळेचा हिशेब नाही, पाउच ओले होतात, आणि आपण केलं की नाही हे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काही नाही. यूव्हीच्या डब्यापेक्षा कुकर शंभर पट बरा, एवढंच म्हणेन. आणि घरचा कुकर नको, कृपा करा.

ऑटोक्लेव्ह घेतल्यावरच्या चुका वेगळ्या. पाउच चपटे एकावर एक रचले की मधल्यांपर्यंत वाफ जात नाही. उभे लावा, कागदाची बाजू शेजारच्या प्लॅस्टिककडे. निपर उघडे ठेवून पॅक करा. पाउचवरची खूण रंग बदलते म्हणजे त्याला उष्णता लागली एवढंच कळतं, आतले जंतू मेल्याचं ते प्रमाणपत्र नाही. खात्रीसाठी जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी पट्टी मिळते, अधूनमधून ती आत ठेवून तपासा. पाणी डिस्टिल्डच घाला. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यानं किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच ऑटोक्लेव्हच्या कॉइलवर बसतो आणि मग दुरुस्तीवाला येतो तेव्हा तुमचं बजेट कोलमडतं. गाळ्यात १६ अँपिअरचा पॉइंट आहे का ते आधी बघा. इन्व्हर्टरवर हा प्रकार चालत नाही, तेव्हा लाइट जाण्याच्या वेळा माहीत असतील तर फेऱ्या त्याप्रमाणे लावा.

खुर्ची एक कमी घ्या, जोड वाढवा

ऑटोक्लेव्ह घेतला आणि हत्यारांचे जोड दोनच घेतले, असं निम्म्या सलॉनमध्ये असतं. मग काय होतं? पहिली क्लायंट झाली, दुसरी झाली, तिसरी बसलेली आहे आणि मशीन अजून तापतंय. मुलगी हत्यार स्पिरिटनं पुसते आणि कामाला लागते. ती आळशी नाही. तुम्ही तिला दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

हिशेब सोपा आहे. दोन खुर्च्या, एका पेडिक्युअरला तास, आठ तासांचं काम: भरगच्च दिवशी १६ क्लायंट. मशीनच्या दोन मोठ्या फेऱ्या, एक दुपारी आणि एक रात्री. म्हणजे अर्ध्या दिवसाला ८ जोड लागतात. हत्यार खाली पडतं, पाउच फाटतो, म्हणून दोन वर. १० जोड. एका जोडात पुशर, पायाच्या नखांचा कटर आणि क्यूटिकल निपर. सुरुवातीला एवढे परवडत नसतील तर एकच खुर्ची लावा आणि ५-६ जोड घ्या. हे सांगितलं की समोरची गप्प होते, कारण इंटिरियरवाल्यानं दोन खुर्च्यांचा थ्रीडी फोटो आधीच पाठवलेला असतो.

जोड घेताना पाकिटावर छापलेल्या "सर्जिकल स्टील"वर जाऊ नका. दुकानात हमखास चुंबक काढून दाखवतात: "बघा मॅडम, चिकटत नाही, म्हणजे अस्सल." भांड्यांसाठी ठीक आहे. पण धार धरणारं कटरचं स्टील, ४२० ग्रेडसारखं, टणक केलेलं असतं आणि त्याला चुंबक चिकटतंच. चिकटलं नाही तर उलट शंका घ्या, धार टिकणार नाही. मी चुंबक घेतच नाही. निपर उजेडासमोर मिटून धरते. दोन धारांमधून उजेडाची रेघ दिसली की परत. सांध्यावर नख फिरवते. मुलामा असलेला, आरशासारखा चमकणारा माल टाळते, कारण मुलामा उडाला की खालून गंज. आणि आधी एकच घेऊन त्याला घरी वीस मिनिटं उकळून, न पुसता रात्रभर ठेवते. सकाळी तांबूस ठिपके दिसले तर त्या दुकानातून दहा घ्यायचे नाहीत.

जे धुता येत नाही ते धुऊ नका

कागदी फाइल, बफर, लाकडी काडी, बोटांमधले फोमचे सेपरेटर, ड्रिलची सँडिंग बँड: एक क्लायंट, मग कचरा. क्लायंटसमोर मोडून टाका. "थोडीच वापरलीय" हे कारण नको.

प्युमिक स्टोन तर सलॉनमध्ये शोभेलाही नको. त्याच्या छिद्रांत गेलेली कातडी कशानंच निघत नाही. स्टीलची पट्टी आणि त्यावर चिकटवायचा, दर क्लायंटला बदलायचा घासकागद मिळतो, तो घ्या. नाशिककडची टाच म्हणजे थंडीत निफाडकडून आलेली, द्राक्षाच्या बागेत उभी राहिलेली, भेगांनी भरलेली टाच. तिला जाड ग्रिट, म्हणजे जास्त खरखरीत कागद लागतो, म्हणून दोन-तीन प्रकारचे कागद ठेवा.

वज्री? आमच्या न्हाणीघरात एकच वज्री अख्ख्या घराला पुरली, आजीपासून सगळ्यांना. घर आणि सलॉन यात फरक आहे. खाचा घासून, मग ऑटोक्लेव्हमध्ये घालायची तयारी असेल आणि तेवढ्या वज्र्या असतील तर वापरा. पितळ काळं पडेल, चालवून घ्या.

टाच तासायचं ब्लेड मी ठेवत नाही. क्लायंट मागतात, "तिकडे करतात" म्हणतात. जरा खोल गेलं की रक्त, आणि मधुमेहाच्या बाईला जखम झाल्याचं कळतही नाही. मधुमेह आहे का हे विचारल्याशिवाय पाय पाण्यात घालू देऊ नका. पायाला बधिरपणा किंवा जखम असेल तर सरळ डॉक्टरकडे पाठवा, एक बिल गेलं तरी.

जंतुनाशकाचे घोटाळे

पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं आणि दवाखान्यासारखा वास येतो, म्हणून ते अँटिसेप्टिक हत्यारांना पुरतं, हा समज आपल्याकडे पक्का बसलाय. ते कातडीसाठी बनवलेलं आहे. हत्यारांना आणि टबाला पृष्ठभागाचं जंतुनाशक घ्या आणि त्याच्या लेबलावरचा वेळ पाळा. बहुतेकांना १० मिनिटं ओलं राहावं लागतं. फवारा मारून लगेच पुसलं तर तुम्ही फक्त वास लावला.

आधी घासणं, मग जंतुनाशक. उलट नाही, एकत्र नाही. मळ राहिला तर औषध मळावरच खर्च होतं. सलॉनमध्ये जास्त करून क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची जंतुनाशकं मिळतात, त्यांना साबणाचं वावडं असतं. साबण राहिला की ती निकामी होतात. जड पाण्यातही कमी पडतात. मनपाच्या नळाचं, गंगापूर धरणाचं पाणी त्यामानानं बरं. बोअर किंवा टँकरवर असाल तर लेबलावर जड पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

रक्त सांडलं तर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. ५ टक्क्यांचं असेल तर १०० मि.ली. मध्ये ९०० मि.ली. पाणी घाला, रोज ताजं करा. ॲसिडबरोबर किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. स्टीलची हत्यारं त्यात तासन्‌तास बुडवून ठेवू नका, गंजतात. आणि रक्ताला हलक्यात घेऊ नका: हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या डागात ७ दिवसही जिवंत राहू शकतो. डाग दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं.

उरलेल्या, पण रोज दिसणाऱ्या

वॅक्सिंग आणि पेडिक्युअरचं एकत्र पॅकेज. लग्नसराईत सगळ्या विकतात. वॉट्सनव्हिलचा रेझरवाला धडा आठवा. केस काढलेल्या ताज्या कातडीला टबाचं पाणी लावायचं नाही. आधी पेडिक्युअर करा आणि वॅक्सिंग नंतर, किंवा मध्ये एक दिवस जाऊ द्या.

खुर्चीला बटणांचं, चुण्यांचं रेक्झिन नको. साधं, सपाट, कमी शिवणीचं.

टॉवेल दर क्लायंटला वेगळा. पावसाळ्यात ते वाळत नाहीत म्हणून ओलसरच घडी घालतात. दुप्पट टॉवेल घ्या किंवा कागदी वापरा.

बाहेरून मागवलेल्या खुर्चीवर ११० व्होल्ट लिहिलेलं असेल तर हात लावू नका, आपल्याकडे २३० आहे. पाण्याजवळच्या प्रत्येक पॉइंटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारं आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसवा. ओले पाय आणि वीज एका जागी आहेत, यात काटकसर करू नका.

आणि सेकंडहँड माल. बंद पडलेल्या सलॉनचं सामान स्वस्तात मिळतं, घ्यायला हरकत नाही. साधा टब, स्टूल, ट्रॉली बिनधास्त घ्या. हत्यारं, पाइपवाली खुर्ची, गादीला चीर गेलेली खुर्ची घेऊ नका. ऑटोक्लेव्ह घ्यायचा असेल तर दाराचं रबर दाबून बघा, कडक झालेलं असेल तर बदलावं लागेल. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का ते बघा, आणि एक पूर्ण फेरी तुमच्यासमोर चालवायला सांगा, तुमचीच चाचणी पट्टी आत ठेवून. "आत्ता लाइट नाही" असं उत्तर मिळालं तर लाइट येईपर्यंत पैसे पर्समध्येच राहू द्या.